मधली पायरी

पावसाळ्यात वैनगंगेची पातळी कारध्याच्या पुलावर मोजली जाते. त्यामुळे भंडाऱ्याजवळच्या या गावाचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक पुराच्या बातमीत. इथला एखादा उंच, चपळ मुलगा बास्केटबॉलच्या जोरावर परदेशी जाईल का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: आपल्या मुलांचा तो बांधा नाही, ते आफ्रिकनांचं काम. हे उत्तर सोयीचं आहे, कारण दोष शरीरावर टाकला की व्यवस्थेला काही करावं लागत नाही. पण खमान मालुआच या दक्षिण सुदानी तरुणाची वाटचाल नीट पाहिली तर ते टिकत नाही.

मालुआचचा जन्म २००६ सालचा, दक्षिण सुदानमधल्या रुंबेकचा. देश अशांत, म्हणून कुटुंब युगांडात गेलं आणि तो तिथंच वाढला. बास्केटबॉल त्याच्या हाती आला तेराव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडची मुलं चौदा वर्षांखालच्या शालेय स्पर्धा संपवत आणतात त्या वयात. पुढं त्याची निवड सेनेगलमधल्या एनबीए अकादमीत झाली. एनबीए ही अमेरिकेतली, जगातली सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीग. अकादमीत राहणं, शिक्षण आणि सराव एकत्र होता. पण खरी कलाटणी मिळाली ती ‘बास्केटबॉल आफ्रिका लीग’मुळे. एनबीए आणि फिबा ही जागतिक संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये रवांडातल्या किगाली इथं ती सुरू केली. पुढच्याच वर्षापासून तिच्या संघांत अकादमीतल्या एकेका होतकरू मुलाला जागा देण्याची योजना आली. त्यामुळे मालुआच पंधरा-सोळाव्या वर्षापासून तीन हंगाम तिशीतल्या कसलेल्या खेळाडूंचे धक्के खात खेळला. २०२३ चा विश्वचषक आणि २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक तो देशाकडून खेळला. नंतर एक वर्ष अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात काढलं आणि जून २०२५ मध्ये, एनबीएचे संघ नवे खेळाडू आळीपाळीनं निवडतात त्या ड्राफ्टमध्ये, त्याचं नाव दहाव्या क्रमांकावर पुकारलं गेलं. तो फीनिक्स सन्सकडे गेला.

आता ताळा पाहू. एनबीएनं सेनेगलमध्ये अकादमी काढली २०१७ साली, आणि त्याच वर्षी ग्रेटर नोइडातही काढली. मालक एक, पद्धत एक. आपल्या अकादमीतून प्रिन्सपाल सिंग हा पंजाबी तरुण एनबीएच्या दुय्यम लीगपर्यंत पोचला, म्हणजे गुण नव्हते असं नाही. फरक होता तो अकादमी आणि परदेश यांच्यामधल्या पायरीचा. तिकडं घरच्या मैदानावर मोठ्यांची लीग होती, इकडं नव्हती. भारतात प्रयत्न झाले. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए ही व्यावसायिक लीग काही हंगामांतच थांबली. उंचीचं म्हणाल, तर सतनाम सिंग सात फूट दोन इंचांचा होता. चौदाव्या वर्षी तो शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये शाळेतून थेट ड्राफ्टमध्ये आला. डॅलसनं त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टमध्ये निवडलेला तो पहिला भारतीय, पण मुख्य लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उंची होती, अमेरिकाही होती. मधला टप्पा मात्र त्यानं ओलांडलाच नव्हता.

कारध्याच्या मुलापुढं तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची चढण आहे. एकोणीस वर्षांपर्यंत ती पोचवते. पुढं काय? रेल्वे, सेनादल, पोलीस, बँक. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि शेतमजुराच्या घरात ती नोकरी म्हणजे पिढी पालटणारी गोष्ट. तिला नाव ठेवण्यात अर्थ नाही. पण आपली चढण नोकरीपाशी संपते, खेळ वाढण्यापाशी नाही. मैदान आणि मार्गदर्शक मिळाले तर महाराष्ट्रात खेळाडू निपजतात, हे मुंबईच्या नागपाड्यानं दाखवलं आहे. त्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या अब्बास मुन्तासिर यांनी भारताचं नेतृत्व केलं आणि अर्जुन पुरस्कार मिळवला, तोही १९७० साली. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी अलीकडं महिला संघाचं कर्णधारपद सांभाळलं.

घरच्या लीगच्या या युक्तिवादावर दोन आक्षेप वजनदार आहेत. एक, आफ्रिकेतली ही लीग म्हणजे अमेरिकन कंपनीचा धंदा. खेळाडू पिकवायचे आणि उचलून न्यायचे. खरं आहे. पण ज्या दक्षिण सुदानात सरावाला धड मैदानं नाहीत, त्याच देशाच्या संघानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पोर्तो रिकोला हरवलं. लाभ एकतर्फी राहिला नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. एका मालुआचमागं दलालांच्या भुलीला बळी पडलेली कितीतरी मुलं आहेत. विद्यार्थी व्हिसा शाळेच्या प्रवेशाला बांधलेला असतो. दुखापत झाली, शाळेनं हात काढला, की परक्या देशात राहण्याचा हक्कच डळमळतो. फिबा अठरा वर्षांखालच्या खेळाडूंच्या देशांतराला विशेष कारणांखेरीज परवानगी देत नाही, ते याचसाठी. पण या आक्षेपातून घरच्या लीगची गरज कमी होत नाही, उलट वाढते. गावाजवळ खेळायला मिळालं तर पंधराव्या वर्षी दलालाच्या मागं जाण्याची घाई कशाला?

त्यासाठी एनबीएची वाट पाहायला नको. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर इथल्या संघांची चार महिन्यांची लीग, आणि प्रत्येक संघात एकोणीस वर्षांखालचे दोन खेळाडू उतरवण्याची सक्ती, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. राज्य बास्केटबॉल संघटनेनं आणि क्रीडा खात्यानं हा हिशेब एकदा मांडून पाहावा.