लग्नाला तीन माणसं

मास्टर्ससाठी बाहेर जायचा प्लॅन आहे? मग हे वाचाच. तिकडे लग्न करायचं ठरलं तर हॉल नाही, माणसं शोधावी लागतात. १९६९चा आपला परदेशी विवाह कायदा म्हणतो, दोघांपैकी एक जण भारतीय हवा, नोटिशीआधी एकाचा तरी तिथे ३० दिवस मुक्काम हवा आणि विवाह अधिकाऱ्यासमोर किमान तीन साक्षीदार हवेत.

तीन! विजयदुर्गात मांडव घालायलाच अख्खी वाडी येते. (आणि न बोलावता जेवायलाही.)

जर्मनीत तर साक्षीदारही सक्तीचे नाहीत. तिथल्या सरकारी निबंधकासमोर दोघं उभी राहिली की झालं. पण डिसेंबरात मित्रमंडळी आपापल्या घरी पळतात, २५ आणि २६ला दुकानंही बंद. नवं जोडपं आणि कुकरमधली खिचडी, एवढाच काय तो थाट.

विजयदुर्गातल्या एका आजींच्या नातीचं लग्न असंच झालं. तिकडे सकाळचे अकरा, इथे दुपारचे साडेतीन. फोन तांब्याला टेकवलेला. आजी नवी साडी नेसून बसलेल्या. त्यांनी अक्षता टाकल्या, त्या स्क्रीनवर पडल्या. कॉल संपल्यावर त्यांनी एकेक दाणा वेचला आणि पुडीत बांधून ठेवला, नात येईल तेव्हासाठी.