निद्रेतील श्वासरोध आणि परदेशचे यंत्र

घोरणे ही महाराष्ट्रात फार करून विनोदाचीच बाब समजली जाते. कुंभकर्णाचे नाव ऐकल्यावाचून घोरणाऱ्याची सुटका होत नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या दाट वस्तीत दोन बिऱ्हाडांच्या मध्ये जेथे एकच भिंत असते, तेथे तर एका घरचे घोरणे शेजारच्या घरीही करमणुकीचा विषय होऊन बसते. परंतु अशा घोरण्याकडे कान देऊन ऐकणाऱ्यास कधीकधी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. घोरणे एकाएकी थांबते. छाती हलत असते, पोट वरखाली होत असते, पण नाकातोंडातून वारा जात नाही. दहा सेकंद जातात, वीस जातात, कधी त्याहूनही अधिक. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होतो, कूस पालटली जाते आणि श्वास पुन्हा सुरू होतो. ज्याचा श्वास असा थांबला त्यास सकाळी याची वार्ताही नसते. जागी राहते ती शेजारी निजलेली बायको.

या विकारास निद्रेतील श्वासरोध, किंवा डॉक्टरांच्या भाषेत स्लीप ॲप्निया, असे म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्याचा घसा मुळातच अरुंद आहे, मान जाड आहे किंवा जबडा मागे आहे, त्याच्या घशाच्या भिंती मिटतात आणि वाट बंद होते. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, वाट उघडते, आणि झोप लागताच तेच चक्र पुन्हा सुरू होते. श्वास दहा सेकंद किंवा अधिक थांबला म्हणजे तो एक रोध गणतात. पूर्ण रोध आणि अर्धवट रोध मिळून ताशी पाचांच्या आत असतील तर चिंता नाही. पंधरांच्या पुढे विकार मध्यम समजावा आणि तिसांच्या पुढे तीव्र. ताशी तीस म्हणजे दर दोन मिनिटांस एकदा घसा दाबला जाणे होय. असा मनुष्य आठ तास निजूनही सकाळी थकलेलाच उठतो. तो दिवसा लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलक्या घेतो. वाहन चालवताना किंवा कारखान्यात फिरत्या यंत्रापुढे उभा असताना त्याने डुलकी घेतली तर काय होईल, हे औद्योगिक वसाहतीच्या गावास सांगावयास नको. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी जे कारण सांगितले त्यात याच विकाराचे नाव होते.

विकार विरळाही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वर्षांच्या ६५८ पुरुषांची पाहणी केली व ती २००४ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शेकडा १९.५ पुरुषांच्या श्वासात झोपेत बिघाड होत असल्याचे आणि शेकडा ७.५ पुरुषांत दिवसाच्या गुंगीसह पुरा विकार असल्याचे अनुमान निघाले. रोग अंगी आहे हे त्यांतील बहुतेकांच्या गावीही नसावे.

यावरील मुख्य उपाय औषध नव्हे. तो एक पंखा आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत हलक्या दाबाने हवा सोडून पाहिली आणि पाच रोग्यांवरील अनुभव १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात छापला. तोपर्यंत तीव्र विकार असलेल्या रोग्याच्या गळ्यास पुढून छिद्र पाडणे, एवढाच भरवशाचा उपाय होता. सलिव्हन यांच्या त्या धडपडीतूनच आज घरोघर ‘सीपॅप’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र निघाले. त्यात लहानशी पेटी, एक नळी आणि नाकावर बसणारा मास्क एवढेच असते. दाब मोजतात तो पाण्याच्या सेंटीमीटरांत. पेल्यात दहा सेंटीमीटर पाणी घ्यावे, शहाळ्याची नळी तळापर्यंत बुडवावी आणि बुडबुडे निघतील इतपत फुंकावे. ती फुंक म्हणजे दहा सेंटीमीटरांचा दाब. वातावरणाच्या दाबाचा हा शंभरावा हिस्सा. एवढ्याशा फुंकरीने मिटू पाहणारा घसा रात्रभर उघडा राहतो.

या यंत्राविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. ते प्राणवायू देते, असे लोकांस वाटते. तसे नाही. ते खोलीतलीच हवा घेते आणि खोलीतलीच हवा देते. हा घोटाळा २०२१ च्या उन्हाळ्यापासून वाढला असावा. त्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी हाहाकार उडाला आणि परदेशस्थ नातलगांनी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नावाची यंत्रे घरी पाठविण्याचा सपाटा लावला. सरकारनेही ती टपालाने व कुरिअरने भेट म्हणून मागविण्यास काही महिन्यांपुरती मोकळीक दिली. दिल्लीतील एका ८५ वर्षांच्या आजारी गृहस्थास पुतण्याने अमेरिकेहून असेच यंत्र भेट पाठविले. त्यावर कर का द्यावा, असा प्रश्न त्यांनी न्यायालयात नेला. उच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी तो कर घटनाबाह्य ठरविला. सर्वोच्च न्यायालयाने १ जून रोजी त्या निर्णयास स्थगिती दिली. श्वासाचे यंत्र ही भेट, की औषध, की आयात माल, हा प्रश्न तेव्हा सर्व देशापुढे उभा राहिला होता.

कायद्याचे उत्तर आता बरेच स्पष्ट आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. विक्रीसाठी ती बाहेरून आणणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो; स्वतःच्या उपयोगापुरते आणण्याची सोय नियमांत निराळी ठेवलेली आहे, परंतु ती सोय आणून शेजाऱ्यास विकण्याची नव्हे. प्रवाशाने बरोबर आणलेल्या मालास जकात माफ असण्याची मर्यादा २०१६ च्या नियमांनी बहुतेक भारतीय प्रवाशांस ५०,००० रुपये ठरविली होती. हा आकडा सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी तो पाहून घ्यावा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि खरेदीची पावती सामानात असली म्हणजे कस्टमच्या टेबलापुढे बोलणे सोपे जाते.

आता समजा, अंबरनाथ पश्चिमेत कल्याण-बदलापूर रस्त्याच्या आसपास राहणारे एक निवृत्त कामगार आहेत आणि त्यांचा भाचा न्यू जर्सीत नोकरीस आहे. मामींनी फोनवर रात्रीची हकीकत सांगितली. इकडच्या दुकानातील किंमत ऐकून भाचा म्हणाला, “मामा, दिवाळीला येताना इकडूनच घेऊन येतो.” यात माया आहे आणि काटकसरही आहे. परंतु पहिली अडचण तिकडेच आहे. अमेरिकेत हे यंत्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकत देत नाहीत, आणि चिठ्ठी रोग्याच्या नावाची लागते. विम्यातून मिळालेले यंत्र असेल तर ते पुष्कळदा आरंभी भाड्याचे असते. तेथील वृद्धांच्या सरकारी विमायोजनेत तेरा महिने भाडे भरल्यावर ते रोग्याच्या मालकीचे होते. तेव्हा कोणा परिचिताकडे ‘पडून असलेले’ यंत्र उचलून आणण्यापूर्वी ते त्याचेच आहे की नाही, हे विचारणे अवघड वाटले तरी आवश्यक आहे.

त्याहून मोठी अडचण यंत्राच्या आत आहे. पेट्या बाहेरून सारख्या दिसतात, काम मात्र सारखे नसते. एक ठराविक दाब देते, दुसरी गरजेप्रमाणे दाब कमीजास्त करते, तिसरी श्वास घेताना एक आणि सोडताना दुसरा दाब देते. चौथीचे नाव एएसव्ही. ती प्रत्येक श्वास मापून मागे राहिलेला श्वास भरून काढते. ही चौथी वाचताना सर्वांत चांगली वाटते. परंतु हृदय अशक्त झालेल्या आणि मेंदूकडूनच श्वासाची आज्ञा चुकणाऱ्या रोग्यांवर तिचा प्रयोग झाला, तेव्हा २०१५ साली असे दिसून आले की तिच्यामुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. म्हणून घसा मिटतो की आज्ञाच येत नाही, हे रात्रभराच्या तपासणीने आधी ठरले पाहिजे. आपोआप दाब बदलणारे यंत्र आणले म्हणजे तपासणीची गरज नाही, असे पुष्कळांस वाटते. अशी यंत्रे सामान्यतः ४ पासून २० सेंटीमीटरांपर्यंतच्या मोकळ्या मर्यादेवर लावून येतात. स्थूल मनुष्यास चारावर जीव कोंडल्यासारखा होतो, आणि मास्क सैल असल्यास यंत्र गळती भरून काढण्यासाठी दाब चढवीत जाते. दोन रात्री असा त्रास सोसून ते यंत्र कपाटावर जाऊन बसते. वाया गेलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांचा दोष यंत्राचा नसून मास्कच्या मापाचा असतो. आणि नाकाचे माप पत्राने कळविता येत नाही.

वापरलेल्या यंत्राची गोष्ट आणखी निराळी. १४ जून २०२१ रोजी फिलिप्स कंपनीने जगभरातील आपली लक्षावधी यंत्रे परत बोलाविली. आवाज दबावा म्हणून आत बसविलेला फेस, म्हणजे स्पंजासारखा एक पदार्थ, कालांतराने झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका निघाला होता. ओझोनने यंत्र साफ करण्याच्या युक्त्यांनी ती झीज वाढत असे. परत बोलाविलेले यंत्र बदलून मिळण्यासाठी त्याचा क्रमांक नोंदवावा लागे. जे यंत्र एका देशात विकले गेले, दुसऱ्यात गेले आणि तिसऱ्याच माणसाच्या उशाशी आले, त्याची नोंद कोण करणार? अशा यंत्राचा क्रमांक कंपनीच्या यादीत पाहिल्यावाचून ते तोंडाला लावू नये.

उल्हासनगर जवळच आहे, त्यामुळे ‘मेड इन यू. एस. ए.’ या अक्षरांवरचा जुना विनोद या भागात सर्वांस ठाऊक आहे. फाळणीनंतर निर्वासितांनी कष्टाने उभारलेल्या गावास तो तितकासा शोभत नाही, पण परदेशी छापाची मोहिनी त्यात बरोबर पकडलेली आहे. या यंत्रांच्या बाबतीत ती मोहिनी व्यर्थ आहे. कारण मुंबईच्या दुकानातली बहुतेक चांगली यंत्रेही सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणांहूनच येतात. सीमा दोन्ही यंत्रांनी ओलांडलेली असते. फरक एवढाच की एकाबरोबर परवान्याचा आयातदार, वॉरंटी आणि घरी येऊन दाब लावून देणारा माणूस येतो. दुसऱ्याबरोबर फक्त भाचा येतो, आणि तो तीन आठवड्यांनी परत जातो. किमतीतला फरक हा या माणसाचा मोबदला आहे. ज्याच्या डॉक्टरांनी दाब नेमका लिहून दिला आहे आणि जवळपास यंत्र हाताळणारा कोणी आहे, त्याने तो मोबदला वाचविण्यास हरकत नाही.

तशा रोग्याच्या भाच्याने काही गोष्टी पाहून घ्याव्या. अमेरिकेची वीज १२० व्होल्टची, इकडची २३० ची. अलीकडच्या यंत्रांचे ॲडॅप्टर बहुधा १०० पासून २४० पर्यंत चालतात, तरी त्यावरील अक्षरे वाचावी. त्यांची चपटी पिन इकडच्या भोकात जात नाही. विमानात यंत्र हातातच घ्यावे, तेथील नियमांत ते सामानाच्या नगसंख्येत धरीत नाहीत. मात्र पाण्याचे भांडे रिकामे करून कोरडे करावे. यंत्रातील मोडेम इकडच्या जाळ्यावर चालेलच असे नाही; रात्रीची नोंद लहान कार्डावर उतरत असेल तर तेच कार्ड डॉक्टरांकडे नेता येते. कारखान्यांच्या वाऱ्यावरच्या घरात फिल्टर लवकर काळा पडतो, म्हणून चार-सहा जास्तीचे आणावे. पावसाळ्यात वीज गेली आणि पंखा थांबला तरी मास्कमधील झडपेतून व छिद्रांतून श्वास घेता येतो, तेव्हा घाबरू नये. बॅटरीची सोय असल्यास उत्तमच. आणि मास्क मात्र इकडेच, नाकावर बसवून, आडवे निजून पाहून घ्यावा.