सार्वजनिक धोरणाचे शिक्षण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोविंदराव निकम यांनी उभारलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे सावर्डे आणि आसपासच्या परिसरात कला, औषधनिर्माण, कृषी अशा विषयांची महाविद्यालये झाली, आणि चिपळूण तालुक्यातील कितीतरी मुलामुलींना पदवीसाठी घर सोडून मुंबईची वाट धरावी लागली नाही. परंतु पदवी हाती आल्यावर त्यांच्यापैकी एखाद्याने ‘सार्वजनिक धोरण’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा मनोदय बोलून दाखवला, तर घरच्या वडीलधाऱ्यांकडून आणि पुष्कळदा शिक्षकांकडूनही त्याला जी उत्तरे ऐकावी लागतात, त्यांत या विषयासंबंधीचे गैरसमजच अधिक आढळतात.

त्यांतला सर्वांत रूढ गैरसमज असा की, हा अभ्यासक्रम म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या तयारीचाच एक आडमार्ग होय. लोकसेवा आयोगाची परीक्षा अंमलदार निवडते. या अभ्यासक्रमाचे प्रयोजन निराळे आहे. शासनाने घेतलेला निर्णय कोणत्या हेतूने घेतला गेला, त्यावरचा खर्च कोठून आला, तो कोणाच्या हाती पडला आणि ज्याच्यासाठी निर्णय घेतला त्याच्या जीवनात त्यामुळे काय पालटले, याची छाननी करण्याची शिस्त येथे शिकवली जाते. त्यासाठी साधारणपणे दोन वर्षांत अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, सार्वजनिक वित्तव्यवहार, कायदा आणि राज्यव्यवहार यांचे अध्ययन होते आणि पुढे क्षेत्रकार्य व प्रबंध यांचे पर्व येते. आयआयटी मुंबईत धोरण अध्ययनाचे स्वतंत्र केंद्र आहे आणि मुंबई विद्यापीठाचा १९२१ सालचा अर्थशास्त्र विभाग आज ‘मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी’ या नावाने चालतो. तेव्हा हे शिक्षण कोकणच्या मुलाच्या आवाक्याबाहेर आहे, असेही म्हणता येत नाही.

दुसरा समज असा की, ही विद्या परदेशातून आयात झालेली आहे. नाव नवे असेल, विद्या नवी नाही. चिपळूणच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, कोतळूक या गावी १८६६ साली जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी जी साक्ष दिली, ती धोरणाची आकडेवार चिकित्साच होती. त्यांच्या नावाची अर्थशास्त्रसंस्था पुण्यात १९३० साली स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगिळांनी तिला खेडोपाडीच्या पाहण्यांचे वळण लावले. त्याच्याही आधी, १९१७ साली, हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका खेड्यातील जमीन व श्रम यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्याचा विषय तर आपल्या कोकणच्या मातीतलाच होता. विसापूरच्या वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना वाढीस लागली. महाराष्ट्राने १९७७ साली तिला कायद्याचे रूप दिले, आणि २००५ साली देशाने तिचा स्वीकार केला.

तिसरा गैरसमज अधिक घातक आहे, म्हणून त्यापाशी थोडे थांबतो. धोरण मंत्रालयात घडते आणि त्याचा अभ्यास ग्रंथालयात होतो, असे सुशिक्षितही मानतात. प्रत्यक्षात धोरणाची खरी परीक्षा तलाठ्याच्या दप्तरात आणि वाडीवरच्या ओटीवर होत असते. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना महाराष्ट्राने १९९० साली सुरू केली आणि कोकणातील कितीतरी वरकस जमिनीवर आंब्या-काजूची कलमे उभी राहिली, हे तिचे यश निर्विवाद आहे. परंतु एखाद्या वाडीतला सातबारा उतारा हातात घेऊन पाहावा. भोगवटादारांच्या रकान्यात नावांची रांगच्या रांग असते. त्यांतील काही इसम हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांचा फेरफार झालेला नाही, काही चाकरमानी मुंबईस असून गणपती-शिमग्यालाच गावी येतात, आणि जी सून गेली कित्येक वर्षे त्या जमिनीची राखण करते, गडगा सावरते, कलमांना पाणी घालते, तिचे नाव त्या रकान्यात बहुधा नसतेच. सामाईक क्षेत्रावर अनुदान हवे असेल तर सहहिस्सेदारांचे संमतिपत्र लागते. ही अट अन्यायाची नाही, कारण एकाने परस्पर लाभ घेऊन भावकीत तंटा होऊ नये हा तिचा हेतू रास्त आहे. पण जेथे खातेफोड, म्हणजे सामाईक जमिनीची वाटणी, क्वचितच होते, तेथे तीच अट दाराला लावलेल्या कुलपासारखी ठरते. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते हे खरे. तथापि त्यासाठीही सर्वांना एकत्र आणावे लागते, आणि अडचण नेमकी तीच आहे.

येथे संशोधनाविषयीचा एक समज गळून पडतो. प्रश्नावली भरून घेतली आणि टक्केवारी काढली की संशोधन झाले, असे नाही. कृषी खात्याच्या दप्तरात मंजूर अर्ज असतात, नामंजूर अर्जही असतात. परंतु कागद जमणारच नाहीत हे ओळखून ज्याने अर्जच केला नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. केवळ दप्तरावरून निष्कर्ष काढणारा विद्यार्थी योजना यशस्वी झाली असे लिहील, आणि त्याचे आकडे बरोबर असूनही त्याचा निष्कर्ष चुकेल. म्हणून त्याला लाभार्थ्यांच्या यादीबाहेरची घरे गाठावी लागतात आणि ‘लाभ मिळाला का?’ एवढेच विचारून न थांबता, कोणता कागद मागितला, तो कोणी दिला नाही, मुंबईच्या चुलत्याची सही कशी आणली, असे बारकाईने विचारावे लागते. उत्तर देणाऱ्याची अनुमती आधी घेणे आणि त्याचे नाव प्रबंधात न आणणे, हेही या शिक्षणातील कर्तव्यच आहे; भावकीच्या वादाची माहिती विश्वासाने सांगणाऱ्या माणसाला त्यापायी गावात त्रास होता कामा नये.

राहिली इंग्रजीची आणि गणिताची धास्ती. संख्याशास्त्र टाळता येत नाही आणि वाचनाचा मोठा भाग इंग्रजीत असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ही दोन्ही परिश्रमाने साध्य होतात. वाडीवरची म्हातारी ‘सामाईकात आहे हो’ म्हणून हताशपणे गप्प बसते तेव्हा तिला काय म्हणायचे आहे, हे समजण्याची पात्रता मात्र कोणत्याही वर्गात चटकन लाभत नाही, आणि ती सावर्ड्याच्या मुलाजवळ उपजतच असते. ही त्याची उणीव नसून त्याचे भांडवल आहे, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना या वाटेने जावयाचे आहे त्यांनी प्रवेशाच्या अर्जाआधी एक काम करावे. आपल्याच घराण्याचा सातबारा आणि त्यामागचे जुने फेरफार काढून वाचावेत, आणि गावात राबवलेल्या एखाद्या योजनेची माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागवावी. अर्ज मराठीतून करता येतो आणि उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.