आठ वार लोकर : स्कॉटिश किल्टची बांधणी आणि वापर

मागे दाट चुण्या, पुढे सपाट पदर आणि गुडघ्याच्या मध्यावर येऊन थांबणारी कड असा स्कॉटिश पुरुषांचा किल्ट जगभर ओळखला जातो. परंतु तो विकत घेऊ पाहणारा माणूस बहुधा ज्या प्रश्नाने सुरुवात करतो, तो प्रश्न या वस्त्राच्या दृष्टीने दुय्यम आहे. आपल्या आडनावाला कोणते टार्टन लागू पडते, हा तो प्रश्न होय. टार्टन म्हणजे रंगीत उभ्या व आडव्या धाग्यांच्या ठरावीक क्रमाने विणलेले चौकड्यांचे कापड, आणि त्या क्रमाचा जो एक पूर्ण घटक कापडभर पुन्हा पुन्हा येतो त्याला ‘सेट’ म्हणतात. एखादे टार्टन एखाद्या कुळाचे असते ही समजूत आज पक्की असली, तरी तिचे वय किल्टच्या वयापेक्षा बरेच कमी आहे. याउलट कापडाचे वजन, चुण्यांची शिवण आणि कमरेचे माप या गोष्टींकडे गिऱ्हाइकाचे लक्ष उशिरा जाते, आणि किल्टचे खरेपण मात्र त्यांच्यातच असते.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, म्हणजे हायलँडमध्ये, जे वस्त्र रूढ झाले ते शिवलेले नव्हते. कित्येक वार लांबीचे लोकरी कापड जमिनीवर पसरून, त्याच्या निऱ्या हातांनी घालून, ते कमरेला पट्ट्याने आवळले जाई आणि उरलेला वरचा भाग खांद्यावर टाकला जाई. नऊवारी किंवा धोतर नेसणाऱ्या समाजाला या रीतीतले तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वरचा भाग वगळून केवळ कमरेखालचा ‘लहान किल्ट’ प्रचारात आला. त्याचे श्रेय ग्लेनगॅरीच्या रानात लोखंडाची भट्टी चालवणाऱ्या टॉमस रॉलिन्सन या क्वेकर पंथाच्या इंग्रज उद्योजकाला देण्यात येते. पण हा दावा मुख्यतः १७६८ मध्ये लिहिलेल्या एका पत्रावर उभा असल्याने त्यावरचा वाद मिटलेला नाही. वाद कसाही सुटला, तरी कामकऱ्याला हालचाल सोपी व्हावी म्हणून वस्त्र आखूड होणे यात स्वाभाविकतेला सोडून काहीच नाही, आणि शोधकर्ता इंग्रज निघाला म्हणून पुढे सुमारे तीन शतके स्कॉटिश हातांनी त्यावर केलेले काम परके ठरत नाही.

कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांच्या, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पक्षपात्यांच्या, बंडाचा पाडाव झाल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलँडमधील पुरुषांना व मुलांना हा पोशाख वापरण्याची बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी, अशी शिक्षा होती. ही बंदी १७८२ मध्ये उठली. त्या मधल्या काळात किल्ट जिवंत राहिला तो मुख्यतः सैन्यात, कारण राजाच्या हायलँड पलटणींना बंदीतून वगळलेले होते. अशाच दोन पलटणी, ७४वी आणि ७८वी, पुढे १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढल्या, आणि त्या लढाईची खूण म्हणून हत्तीचे चिन्ह त्यांच्या मानचिन्हांत आले.

कुळांची टार्टन निश्चित झाली ती यानंतर. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ च्या सुमारास कुळप्रमुखांकडून त्यांच्या टार्टनचे प्रमाणित नमुने मागवण्यास आरंभ केला. बॅनकबर्नच्या विल्सन घराण्याच्या मागांवर विणल्या जाणाऱ्या नमुन्यांना हळूहळू कुळांची नावे चिकटली. आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखलेल्या सोहळ्यात किल्ट हा सबंध राष्ट्राचा पोशाख म्हणून मिरवला. १८४२ मध्ये सोबिएस्की स्टुअर्ट या नावाने वावरणाऱ्या दोघा भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या आधाराचा दावा करून टार्टनचा एक ग्रंथ छापला. तो दावा बनावट होता, तरी त्यातील काही नमुने कुळांनी आपलेसे केले. आज टार्टनची अधिकृत नोंद २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सरकारी नोंदवहीत होते आणि कोणीही नवा नमुना तेथे नोंदवू शकतो. कोणते टार्टन कोणी वापरावे यावर कायद्याचे बंधन नाही. कुळाशी नाते नसलेल्या माणसाने ब्लॅक वॉच या हायलँड पलटणीच्या टार्टनसारखे सर्वमान्य किंवा एखाद्या प्रदेशाचे टार्टन निवडावे, हा संकेत सभ्य असून पाळण्यास सोपा आहे.

टार्टन ठरल्यावर खरा व्यवहार सुरू होतो. किल्टचे कापड शुद्ध लोकरीचे, तिरप्या विणीचे, म्हणजे ट्विलचे असते आणि ते वारामागील वजनावरून ओळखले जाते : सोळा औंसांचे जड, तेरा औंसांचे मध्यम, दहा-अकरा औंसांचे हलके. उष्ण हवेत राहणाऱ्याला हलक्या कापडाचा मोह होतो. पण चुण्यांना धार आणि चालताना मागे डोलणारा झोल या दोन्ही गोष्टी वजनातूनच येतात, म्हणून जड कापड घेणाऱ्याला सहसा पस्तावावे लागत नाही. पूर्ण मापाच्या किल्टला आठ वार कापड लागते असे म्हणतात, ते एकेरी पन्ह्याचे. माग दुप्पट पन्ह्याचे कापड विणतो. कारागीर चार वार घेऊन ते मधोमध लांबीत फाडतो आणि दोन्ही तुकडे एका चुणीच्या आत, दिसणार नाही अशा जागी, जोडतो. प्रत्येक तुकड्याची विणलेली पक्की किनार खाली येते, त्यामुळे किल्टच्या कडेला दुमड घालावी लागत नाही. याचा दुसरा अर्थ असा की किल्टची लांबी बेततानाच कायमची ठरते, आणि नंतर ती खालून वाढवण्यास कापड शिल्लक नसते.

चुण्या घालण्याच्या प्रमुख रीती दोन आहेत. पहिलीत प्रत्येक चुणीत एक पूर्ण सेट दुमडला जातो आणि बाहेर दिसणाऱ्या अरुंद पट्ट्या अशा जुळवल्या जातात की मागूनही पुढच्यासारखीच अखंड चौकट दिसावी. दुसरीत, जी लष्करात रूढ आहे, प्रत्येक चुणीच्या मधोमध एकच ठळक रेघ येते, आणि किल्टची मागची बाजू पुढच्या बाजूहून निराळी दिसते. एका किल्टला साधारणपणे २५ ते ३० चुण्या पडतात आणि नेमकी संख्या सेटच्या रुंदीवर अवलंबून असते. कमरेपासून नितंबापर्यंतचा भाग शिवून बंद केलेला असतो. तेथे प्रत्येक चुणी वर जाताना थोडी निमुळती करावी लागते, आणि असे करताना एकही आडवी रेघ तुटू द्यायची नसते. कसबी हात हे टाके उजव्या बाजूने दिसू देत नाही. त्यानंतर आतल्या बाजूने, वरच्या भागातील चुण्यांचे जादा कापड कापून टाकले जाते, नाहीतर कमरेवर लोकरीचा गठ्ठा तयार होईल. त्या जागी आडवे पक्के टाके, आतला ताठ कापडी आधार आणि अस्तर येते. या एका कापणीमुळे चूक दुरुस्त करण्याची वाट जवळजवळ बंद होते, म्हणूनच हे काम यंत्राच्या वेगाने उरकण्यासारखे नाही आणि हाताने शिवलेल्या किल्टची किंमत अवाजवी म्हणता येत नाही.

माप देताना नवखा माणूस हमखास पँटचे माप सांगतो, आणि किल्ट बिघडतो तो बहुधा इथेच. किल्ट ओटीपोटावर बसत नाही. तो बेंबीच्या पातळीवर, खऱ्या कमरेवर आवळला जातो आणि त्याची वरची कड त्याहूनही थोडी वर जाते. म्हणून टेप तेथे, शिवाय नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर धरावी लागते, आणि लांबी कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत दुसऱ्या माणसाने मोजावी लागते, कारण स्वतः खाली वाकून पाहिल्यास ती बदलते.

नेसण्याची रीत अवघड नाही, मात्र क्रम चुकवून चालत नाही. चुण्या पाठीमागे मध्यावर धरून उजव्या हाताकडील आतला पदर पोटावरून डावीकडे न्यावा, त्याचा चामडी पट्टा डाव्या बाजूच्या फटीतून बाहेर काढून बकलात अडकवावा. मग डाव्या हाताकडील बाहेरचा पदर उजवीकडे आणून उजव्या बाजूची बकले लावावीत. झालर असलेली कड उजव्या मांडीवर आली, म्हणजे पदर नीट बसला. तेथे लावायची पिन फक्त बाहेरच्या पदरातून जाते. दोन्ही पदर टोचले तर चालताना कापड ओढले जाऊन फाटते. किल्टला खिसे नसल्याने पुढे साखळीने स्पोरन, म्हणजे चामड्याची थैली, लटकते. दिवसा साधी, समारंभाला केसाळ कातड्याची. लोकरी मोजे गुडघ्याखाली दुमडले जातात आणि उजव्या मोज्यात, डावखुऱ्याच्या डाव्यात, स्किअन डू हा छोटा सुरा खोचला जातो. सवय लागण्यास वेळ लागतो तो बसण्याला : बसताना तळहाताने मागच्या चुण्या खालपर्यंत सपाट करत टेकावे, नाहीतर तासाभरात त्या चुरगळतात, आणि पुढचा पदर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये पडू द्यावा.

एडिंबरोच्या रॉयल माइलवर पर्यटकांसाठी टांगलेले कृत्रिम धाग्याचे स्वस्त किल्ट आणि सियालकोटच्या कारखान्यांतून जगभर जाणारे किल्ट एका दिवसाच्या हौसेला पुरतात. लग्नापुरता किल्ट भाड्याने घेण्याची पद्धतही स्कॉटलंडमध्ये सर्रास आहे. ज्याला तो वर्षानुवर्षे वापरायचा आहे पण नवा शिवून घेण्याची ऐपत नाही, त्याने नव्या कृत्रिम किल्टपेक्षा जुना लोकरी किल्ट घ्यावा. असा किल्ट घेताना कसरीने पाडलेली भोके उजेडात धरून पाहावीत, आतल्या अस्तराखालचे टाके शाबूत आहेत का ते चाचपावे, आणि लांबी स्वतःच्या गुडघ्याशी जुळते याची खात्री करावी. कमरेत थोडा फरक असल्यास बकले सरकवून तो भागतो.