घरातले कॉकपिट : जोडणी, मांडणी आणि खऱ्या-खोट्याचा विचार

मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांविषयी बोललो. ज्ञान खरं की खोटं, हे कशावरून ठरवायचं, असा तो विषय होता. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने मिस्कीलपणे विचारलं, "सर, तुमच्या घरात विमान आहे म्हणतात, ते खरं का?" हशा झाला. आम्ही तेव्हा उत्तर टाळलं. आज देतो, कारण त्या उत्तरात मागच्या व्याख्यानाचा उरलेला भाग आहे.

तर विमान नाही. विमानाची पुढची खोली आहे, म्हणजे कॉकपिट. कुपवाडमधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत लोखंडी चौकट आहे, तिच्यावर भंगारातून आणलेलं मोटारीचं सीट, पुढे स्क्रीन, हातात दांडा, पायाखाली पेडल. संगणक सुरू केला की समोर धावपट्टी दिसते. याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. हे आम्ही एकट्याने केलेलं नाही. शेजारचा एक मुलगा, एमआयडीसीत लेथवर काम करणारे त्याचे वडील आणि आम्ही, असे तिघे होतो. म्हणून आज 'आम्ही' म्हणतोय ते नुसतं आदरार्थी समजू नका.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्या भागाला जवळचा वाटेल. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना. विमान शिकणं त्याला महाग पडत होतं. त्याने १९२९ साली जमिनीवरच विमानासारखं डुलणारं यंत्र बनवलं. ते डुलायचं कशावर? ऑर्गनच्या भात्यांवर. आपण मिरजेच्या शेजारचे लोक, वाद्यांच्या कारागिरांमध्ये वाढलेले. पेटीचा भाता आपण सगळ्यांनी पाहिलाय. एका भात्यात हवा भरली, दुसऱ्यातली सोडली, की खोकं कलतं. एवढीच कल्पना.

गंमत अशी, की सुरुवातीला हे यंत्र करमणुकीच्या बागांनी घेतलं. नाणं टाका आणि डुला. जत्रेतल्या पाळण्यासारखं! पुढे १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे विमानाने टपाल नेण्याचं काम आलं. धुक्यात, रात्री, केवळ उपकरणं पाहून उडण्याचा सराव वैमानिकांना नव्हता आणि काही आठवड्यांतच अनेक जण मेले. तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांवर शिकले. म्हणजे 'खेळणं' आणि 'साधन' यांच्यातली रेघ वस्तूत नसते, ती कशासाठी वापरता त्यात असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता जोडणी. बहुतेक लोक इथे उलट क्रमाने जातात. आधी चकचकीत बटणांचं पॅनल घेतात, शेवटी पेडलना पैसे उरत नाहीत. आमचा क्रम असा.

पहिली गोष्ट, सॉफ्टवेअर आणि दांडा. घरात जो संगणक आहे त्याच्यावर सुरू करा. फ्लाइटगिअर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. एक्स-प्लेन आणि मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर विकत घ्यावं लागतं आणि त्यांना चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. मायक्रोसॉफ्टचं पहिलं १९८२ सालचं. तेव्हा रेघांची जमीन दिसायची, आज उपग्रहचित्रांवरून आपला महामार्ग दिसतो. दांडा घेताना आत कसला सेन्सर आहे ते विचारा. साध्या दांड्यात रेडिओच्या व्हॉल्यूमसारखा पोटेन्शिओमीटर असतो. तो घासतो, धूळ खातो आणि वर्षा-दोन वर्षांत विमान आपोआप थरथरू लागतं. हॉल सेन्सर चुंबकावर चालतो, घासत नाही. आपल्याकडे फौंड्र्यांची धूळ आहे, त्यामुळे हा फरक पैसे देण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट, पेडल. ती मोटारीच्या पेडलसारखी नसतात. डावं पुढे ढकललं की उजवं मागे येतं, आणि विमानाचं नाक डावीकडे वळतं. वरच्या कडेला चवड्याने दाबलं की ब्रेक. टाचा जमिनीवर राहिल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट, चौकट. चाकाच्या खुर्चीवर बसून पेडल दाबलं तर पेडल पुढे जात नाही, खुर्ची मागे जाते! म्हणून सीट आणि पेडल एकाच चौकटीला बांधायचं. अठरा मिलिमीटरचं प्लायवूड चालतं. अ‍ॅल्युमिनियमचे खाचांचे प्रोफाइल उत्तम, कारण हवं तेव्हा सरकवता येतं. पण कुपवाडात राहून चौकोनी लोखंडी पाइप आणि वेल्डर सोडून दुसरीकडे कशाला जायचं? एकच सूचना : वेल्डिंगच्या आधी सगळं क्लॅम्पने बांधून तासभर बसून बघा. आम्ही ते केलं नाही. पेडल चार बोटं जवळ आलं, गुडघे दांड्याला लागू लागले, आणि मुलाच्या वडिलांनी काही न बोलता ग्राइंडर लावून सगळं कापलं. दुसऱ्या वेळी पेडलखाली खाचांची पट्टी टाकली, म्हणजे उंच-ठेंगणा कोणीही बसू शकतो.

मापं कशी घ्यायची? सुरुवात डोळ्यापासून करा. सीटवर टेकून बसा. डोळ्याची उंची स्क्रीनच्या मध्याच्या थोडी वर यावी. मग दांडा असा ठेवा की कोपर साधारण काटकोनात राहील. मग पेडल असं, की पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. चौकट पाणसळ लावून सपाट करा.

चौथी गोष्ट, स्क्रीन. इथे थोडं गणित आहे. सत्तावीस इंची स्क्रीन सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असते. ती डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर ठेवली, तर तिने व्यापलेला कोन सुमारे ४६ अंश होतो. सॉफ्टवेअरमध्ये दृश्यकोन याहून खूप मोठा ठेवला, तर धावपट्टी असते त्यापेक्षा दूर आणि लहान दिसते आणि उतरताना अंदाज चुकतो. पण ४६ अंश म्हणजे घोड्याच्या झापडा. तीन स्क्रीन कोनात लावल्या तर सुमारे १४० अंश मिळतात. जमिनीपासून किती उंच आहोत याचा अंदाज डोळ्याच्या कडांनी येतो, म्हणून हे महत्त्वाचं. डोक्यावर घालायचा व्हीआर चष्मा खोली दाखवतो, पण आपलाच हात दिसत नाही.

पाचवी आणि शेवटची, बटणं. आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड मिळतो. त्याला साधे टॉगल स्विच जोडून, मोबीफ्लाइटसारख्या मोफत प्रणालीने ते विमानाच्या दिव्यांशी, चाकांशी बांधता येतात. आणि हो, अर्थिंग तपासा, यूपीएस लावा. उतरता उतरता वीज गेली की होणारा संताप तत्त्वज्ञानाने शमत नाही.

आता मांडणी. सगळं जोडल्यावर कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे दांडा चारी टोकांना फिरवून संगणकाला हद्द दाखवायची. मधला 'मृत' पट्टा कमीत कमी ठेवायचा. आणि 'मदत' या सदराखाली जे जे आपोआप चालू असतं, ते एक एक करून वाचायचं. इथेच आमची चूक झाली. ती सांगण्यासाठीच आज हा विषय घेतला.

मुलगा दीड वर्ष रोज बसत होता. उड्डाण, वळण, उतरणं, सगळं सफाईने. आम्ही मागे उभं राहून शाबासकी देत होतो. एके दिवशी त्याचे वडील आले. म्हणाले, "सर, पोरगं तयार झालंय असं तुम्ही म्हणताय. पायलटच्या शिक्षणाला लाखोंनी पैसे लागतात. गावाकडची जमीन विकावी म्हणतो. तुमचं मत काय?"

मंडळी, चाळीस वर्षं आम्ही वर्गात 'ज्ञान म्हणजे काय' शिकवलं. पण आमच्या 'हो'वर कुणाची जमीन जाणार, असा प्रसंग कधी आला नव्हता. आम्ही म्हटलं, "दादा, आधी एकदा खऱ्या विमानात बसू द्या त्याला."

एका प्रशिक्षण केंद्रात शिक्षकाशेजारी बसून अर्ध्या तासाचं उड्डाण झालं. खाली उतरल्यावर शिक्षक म्हणाले, तपासणीची यादी उत्तम, रेडिओवरचं बोलणं उत्तम, उपकरणं कुठे काय सगळं पाठ. पण पाय झोपलेले आहेत आणि डोळे आत आहेत.

पाय झोपलेले, म्हणजे काय? विमान वळवताना दांडा एकीकडे कलवला, की वर जाणाऱ्या पंखावर हवेचा विरोध वाढतो आणि नाक क्षणभर उलट्या दिशेला ओढलं जातं. ते पायाने सावरायचं असतं. आमच्या सिम्युलेटरमध्ये 'ऑटो-रडर' चालू होतं. दीड वर्ष संगणक पायाचं काम करत होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता. डोळे आत, म्हणजे घरी एका अरुंद स्क्रीनवर बाहेर बघण्यासारखं फारसं नसतं, म्हणून नजर काट्यांना चिकटते. खऱ्या विमानात, स्वच्छ हवेत, बाहेर बघायचं असतं.

आता मागच्या व्याख्यानाकडे या. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानाकडे बघून कळत नाही. त्यावर कृती करून कळतं. दूर पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? जवळ जा, ओंजळ भरा, तहान भागली तर पाणी. मीमांसक याला विरोध करतात; म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण, ते खोटं ठरेपर्यंत खरंच मानायचं. आम्ही त्या मुलाच्या बाबतीत नकळत मीमांसक झालो होतो. स्क्रीनवर विमान उतरलं, म्हणजे त्याला उतरवता येतं!

पण पूर्ण नैयायिक झालो तरी एक पेच राहतोच. सिम्युलेटर सगळाच मृगजळ नाही. यादी वाचणं, रेडिओ, नकाशा, उपकरणांवरून मार्ग काढणं, इथे खरी तहान भागते. शिक्षकांनी तेच सांगितलं. ढगात तर शरीराचा अनुभवच खोटा असतो. एका वेगाने वळत राहिलं की वीसेक सेकंदांत कानातलं द्रव स्थिर होतं आणि आपण सरळ चाललोय असं वाटतं. तिथे स्वतःच्या संवेदनेवर अविश्वास आणि काट्यावर विश्वास ठेवायला शिकावं लागतं, आणि ते जमिनीवरच शिकणं बरं. लिंकच्या खोक्याचं काम तेच होतं. उलट वाऱ्याचा धक्का, शरीरावरचा भार, चुकलो तर मरू ही जाणीव, हे घरच्या चौकटीत नाही. विमान कंपन्यांची कोट्यवधींची सिम्युलेटरं पुष्कळ पुढे जातात. अनुभवी वैमानिक त्यांवरच नव्या जातीचं विमान शिकतो. पण त्यांना परवाना असतो, तपासणी असते. घरच्या तासांना लॉगबुकात जागा नाही.

साताऱ्याचे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी खरं विमान बांधलं. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. त्यांची गच्ची आणि आमची मागची खोली, दोन्हीकडे नटबोल्टच. पण आमचा नट ढिला झाला तर स्क्रीन हलते. त्यांचा ढिला झाला तर माणूस जातो. म्हणून त्यांना इतकी वर्षं कागदांशी झगडावं लागलं.

त्या घराचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. जमीन विकलेली नाही. वडिलांना आम्ही क्रम सांगितला : आधी वैद्यकीय तपासणी, कारण डोळ्यांत किंवा कानात काही निघालं तर सगळा खर्च वाया, मग कर्जाची चौकशी, जमीन अगदी शेवटी. मुलाने सगळ्या 'मदती' बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्याला सरळ उडताही येईना. आता तो एक सराव करतो, तो तुम्हीही करा. छोटं सेसना १७२ घ्या, ५५ नॉट वेगाला दांडा ओढून कोल्हापूरच्या धावपट्टीवरून उडा. काट्यांवर कागद चिकटवा. पंचगंगा ओलांडा, वारणा ओलांडा, महामार्ग धरून उत्तरेला जा, आणि कृष्णा-कोयनेचा संगम दिसला की कराडची धावपट्टी शोधा. ही धावपट्टी १९५५ साली कोयना धरणाच्या कामासाठी झाली. आपला मुलूख बाहेर बघून ओळखता आला, तर डोळे बाहेर आले असं समजा.

आणि घरात असं कॉकपिट उभारलंत, मूल छान उडवू लागलं, तर शाबासकी जरूर द्या. पण प्रमाणपत्र देण्याआधी 'मदत' हे सदर एकदा उघडून बघा.

आता प्रश्न असतील तर विचारा.