मास्तर गेले कुठे? पट, संचमान्यता आणि आपली गावची शाळा



मागे एका ग्रामसंघाच्या बैठकीत विषय होता कर्ज परतफेडीचा, पण बोलणं वळलं शाळेवर. वहीत सही करता करता एक ताई म्हणाली, "मी गटातून कर्ज घेतलं ते बियाण्याचं म्हणून लिहिलं. खरं सांगू का, पोराच्या कॉन्व्हेंटची फी भरली." कोणी तिला बोल लावला नाही, कारण आणखी दोघींनी तेच केलं होतं. त्यातली एक म्हणाली, "गावची शाळा फुकट हाय, पण लेकराले शिकवाले मास्तरच नाही तं पाठवून काय करू?" कोपऱ्यात बसलेली पोषण आहार शिजवणारी मावशी मग हळूच बोलली, "तुम्ही पोरं काढली, आता माही चूल बंद पडते का काय."

ह्या तिघींच्या बोलण्यात सगळं प्रकरण आलं. मास्तर कमी झाले म्हणून पोरं गेली, पोरं गेली म्हणून आणखी मास्तर कमी झाले, आणि त्यात आपल्यातल्याच एकीचं काम धोक्यात आलं. हे चक्र कुठे अडवता येतं ते समजून घ्यायला हा लेख.

आधी विचारा: मास्तर का नाहीत?

"सरकारनं मास्तर काढून टाकले" असं आपण म्हणतो, पण जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकाची नोकरी सहसा जात नाही. आपल्या शाळेतलं पद जातं. मंजूर पदांपेक्षा शिक्षक जास्त झाले की त्यातल्या एकाला 'अतिरिक्त' ठरवतात आणि दुसऱ्या शाळेत पाठवतात. ह्याला समायोजन म्हणतात. दुसरा प्रकार रिक्त पदाचा. पद मंजूर आहे, पण मास्तर निवृत्त झाले किंवा बदलून गेले आणि जागा भरलीच नाही. तिसरा प्रकार प्रतिनियुक्तीचा. मास्तर कागदावर आपल्या शाळेत आहेत, काम मात्र दुसरीकडे.

तिन्हीत आपल्याला दिसतं ते एकच, वर्गात मास्तर नाही. पण उपाय वेगवेगळे आहेत. पद मंजूर असून रिक्त असेल तर भरण्याची मागणी करायची, प्रतिनियुक्ती असेल तर ती रद्द करा म्हणायचं. पदच कमी झालं असेल तर पट आणि संचमान्यता तपासावी लागते. नुसता "आम्हाला मास्तर द्या" असा अर्ज दिला की साहेब "वर कळवतो" म्हणतात आणि तो अर्ज तिथेच राहतो.

संचमान्यता म्हणजे काय

संचमान्यता म्हणजे कोणत्या शाळेत किती शिक्षक असावेत ह्याचा सरकारी हिशोब. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर तो होतो. ऑनलाइन नोंदलेलं आणि आधार जुळलेलं लेकरूच त्यात धरतात. म्हणजे वर्गात बावीस पोरं बसलेली असली आणि त्यातल्या तिघांच्या आधारवर नाव किंवा जन्मतारीख चुकलेली असली, तर हिशोबात एकोणीसच. लेकरू रोज शाळेत येतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण मास्तर मोजताना ते नसतंच! ह्या एका गोष्टीवर आपण बाया सगळ्यात लवकर काही करू शकतो, म्हणून ती पुन्हा खाली येईल.

आता नियम. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत लिहिलं आहे की पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि त्यांच्यात गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्र हे विषय शिकवणारे असले पाहिजेत. दोन शिक्षकांसाठी कमीत कमी वीस पोरं हवीत अशी अट ह्या अनुसूचीत नाही.

राज्याने मात्र १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे निकष बदलले. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या प्राथमिक शाळेला एकच कायम शिक्षक, गरज पडली तर दुसरा निवृत्तांमधून. सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच नाही. मग ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे नेमकं शिक्षक दिनाला, आदेश निघाला की वीसपर्यंत पट असलेल्या शाळेत एक शिक्षक पंधरा हजार रुपये महिन्याने कंत्राटी नेमायचा. शिक्षक रस्त्यावर आले, २५ सप्टेंबरला राज्यभर सामूहिक रजा झाली. ही मर्यादा आधी दहा पटावर आणली आणि पुढच्या वर्षी तो निर्णयच मागे घेतला. मार्च २०२४ च्या निकषांविरुद्ध शिक्षक संघटना त्यानंतरही भांडत राहिल्या.

छोट्या शाळांवर नजर त्याआधीपासूनची आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळायचं ठरलं. सप्टेंबर २०२२ मध्ये वीसपर्यंत पटाच्या शाळांची माहिती मागवली, त्या राज्यात जवळपास १५ हजार निघाल्या. २०२३ मध्ये 'समूह शाळा' आली, छोट्या शाळा मिळून एक मोठी आणि पोरांना गाडी. मोठ्या शाळेत खेळायला सोबती जास्त, विषयाला वेगळा शिक्षक, हे काही खोटं नाही. पण ते बोलणारा माणूस पावसाळ्यात आपल्या वाडीवरून नाला ओलांडून आलेला नसतो.

पट घसरला की आणखी काय जातं

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान मिळतं. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, संडासाची साफसफाई, सगळं त्यातच. ३० पर्यंत मुलं असतील तर योजनेच्या निकषाने १० हजार, त्यापुढे १०० पर्यंत २५ हजार. म्हणजे ३१ वरून पट ३० झाला की एका लेकरामागे १५ हजार गेले. तरी छप्पर तेवढंच गळतं आणि वीजबिल तेवढंच येतं.

पोषण आहाराचंही तसंच. २५ मुलांपर्यंत एक स्वयंपाकी, २६ ते १०० ला दोन. आपल्या जिल्ह्यात हे काम करणाऱ्या बहुतेक आपल्यासारख्याच बाया, कित्येक विधवा, एकट्या. मानधन महिन्याला अडीच हजार. चूल, धूर, ताटं, सगळं मिळून दिवसाला शंभरही पडत नाहीत, पण तेवढ्यावर घरचं तेल-मीठ चालतं. पट २६ वरून २५ झाला तर दोघींपैकी कोणी थांबायचं?

मुलींचं वेगळं. शाळा तीन कोस लांब गेली की मुलगा सायकल काढतो, मुलीला घरचे थांबवतात. पाचवीपासून बारावीपर्यंत मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण पहिलीतली पोरगी एकटी एसटीत बसेल का? नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. तिथे शाळा नसेल तर मुलाला ये-जा करायची सोय किंवा वाहतूक भत्ता मिळायला पाहिजे. शाळा मिसळायची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न हाच विचारा, आणि तोही लेखी.

पालकांनी काय काय करून पाहिलं

ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात दरेवाडीच्या पोरांनी आणि पालकांनी बकऱ्या हाकत थेट जिल्हा परिषद गाठली. म्हणाले, दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या, शाळाच बंद करताय तर आम्ही बकऱ्या राखतो. हे भाम धरणात उठलेल्या वस्तीतले लोक. धरणाला जमीन दिली, मग शाळाही जायला निघाली. ती बातमी राज्यभर गेली.

शाळेला कुलूप ठोकणं, जिल्हा परिषदेच्या दारात वर्ग भरवणं, हे आपल्या भागालाही नवीन नाही. कुलूप लावलं की साहेब लवकर येतात हे खरं आहे. पण कुलूप आठ दिवस राहिलं तर दोन-चार पोरं दाखले काढून जातात आणि पट आणखी घसरतो. म्हणून कुलूप ठोकायच्या आधी कागद तयार पाहिजे, आणि ते काढायची तारीखही आपणच आधी ठरवलेली बरी.

दुसरी वाट पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट २०२२ मध्ये तीनवर आला होता. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गाव सोबत उभं राहिलं, पट शंभराच्या पुढे गेला, आणि २०२५ मध्ये ह्या शाळेला जागतिक पातळीवरच्या 'सर्वोत्तम शाळा' पुरस्कारांत लोकांच्या मतांचा पुरस्कार मिळाला. आता प्रत्येक गावाला असा गुरुजी मिळत नाही हे आपल्यालाही कळतं. पण पट तीनवर असताना ही शाळा बंद करून टाकली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

काही गावं वर्गणी काढून गावातल्याच शिकलेल्या पोरीला स्वयंसेवक म्हणून नेमतात. दोन महिन्यांपुरतं हे चांगलं. पण आपण वर्गणीतून भागवायला लागलो की रिक्त पदाची आठवण वर कोणाला राहत नाही. म्हणून पोरगी नेमा, आणि त्याच दिवशी पद भरण्याचा अर्जही द्या.

आपण काय करायचं

आधी शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत. अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव. पुष्कळ गावांत बाईचं नाव यादीत असतं, सही घरी येऊन घेऊन जातात आणि ठरवणारा तिसराच असतो. तुमचं नाव आहे का ते बघा. असेल तर बैठकीला जा आणि वाचल्याशिवाय सही करू नका. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. किती शिक्षक हवेत, खोल्या किती, संडास किती, हे त्यात लिहायचं असतं.

मग कागद मागा. मुख्याध्यापकांकडे आपल्या शाळेची ह्या वर्षीची संचमान्यतेची प्रत मागा. मिळाली नाही तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला तीही नाही, उत्तर तीस दिवसांत. विचारायचं एवढंच: मंजूर पदं किती, भरलेली किती, कोणत्या तारखेपासून रिक्त, आणि कोणी प्रतिनियुक्तीवर आहे का. जास्त लिहाल तर उत्तरही लांबतं.

उत्तर हातात आलं की समितीचा ठराव घ्या. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिच्यातही हाच विषय मांडा. ठरावाची प्रत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आणि बुलढाण्याला जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवा. दर वेळी आपल्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का नाही म्हणाले तर सही आणि तारीख तरी घ्याच. एकटीने जाऊ नका, चौघी-पाचजणी जा. बँकेत कर्जाची फाइल घेऊन जायला आपण शिकलोच आहोत, हे त्याहून अवघड नाही.

एक कलम पाठ करून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं की मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिक्त ठेवता येत नाहीत. "भरती वरूनच बंद आहे" असं उत्तर आलं की हे कलम सांगा आणि ते उत्तर लेखी द्या म्हणा.

दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांकडेही बघायला पाहिजे. पोरं आईबापाच्या मागे गेली की वर्ग रिकामा होतो आणि त्या पोरांचं वर्षही वाया जातं. जाण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायला सांगा, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं आणि परत आल्यावर इथे चालू राहतं. आजी घरी असेल तर लेकरू तिच्याजवळ ठेवता येईल का, हेही गटात बोला. अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती आपल्या गावात हवी असेल तर मागणी दिवाळीच्या आधी जायला पाहिजे.

आणि आधार. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. तिथून ३० सप्टेंबरपर्यंत जेमतेम तीन महिने असतात, त्यात पोळा, गणपती, सोयाबीनची घाई. म्हणून हे काम जुलैतच उरकायचं. प्रत्येक गटाने आपल्या दहा-बारा घरांतल्या शाळकरी पोरांची यादी करावी आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का ते बघावं. पाच वर्षांचं झाल्यावर लेकराचे बोटांचे ठसे द्यावे लागतात, तेही राहिलंय का तपासा. ज्यांचं जुळत नाही त्यांना घेऊन एकाच दिवशी आधार केंद्रावर जा. चार पोरांसाठी चारदा तालुक्याला जाण्यापेक्षा एक ऑटो सगळ्यांत स्वस्त पडतो. मग मुख्याध्यापकांना भेटून विचारा, "सर, ऑनलाइन आमच्या शाळेचा पट किती दिसतो?" वर्गातली पोरं आणि तो आकडा सारखा आला की मगच यादीवर टिक करा.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघाने तीन आकडे लिहून आणावेत: वर्गात किती पोरं, ऑनलाइन किती, आणि मास्तर मंजूर किती व हजर किती. कर्ज वसुलीचा तक्ता झाला की लगेच हाच विषय घेऊ.