दाखवायचे दात आणि खायचे दात

गेल्या दिवाळीत ताई माहेरी आली ती मुलीच्या दातांची काळजी घेऊनच. भाची नऊ वर्षांची. वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट आणि त्यांच्या शेजारचे दोन दात पंख्यासारखे बाहेर फाकलेले. "हिला तारा लावाव्या लागणार, उद्या लग्नात हेच दात दिसणार," हे पालुपद लक्ष्मीपूजनापासून भाऊबिजेपर्यंत चालू होते. शेवटी सुट्टी संपल्यावर मीच तिला घेऊन दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेले. तिच्या सात वर्षांच्या भावाला घरी सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून त्याचेही बोट धरले.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकात दातांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण त्या दिवशी तिथे जे ऐकले, ते बारा वर्षांपूर्वी कोणीतरी माझ्या आईला सांगायला हवे होते. म्हणून हा उपद्व्याप.

भाचीला खुर्चीत बसवून डॉक्टरबाईंनी तिच्या वरच्या हिरडीवरून बोट फिरवले, एक-दोनदा चाचपले आणि म्हणाल्या, "या फटीला काही करायचे नाही." ताईने एवढ्या रात्री जागून काढल्या त्या फुकटच! कारण असे, की या वयात कायमचे सुळे हिरडीच्या आत वरून खाली उतरत असतात. त्यांचा दाब पटाशीच्या दातांच्या मुळांवर येतो. मुळे आत ढकलली जातात आणि दातांची टोके बाहेर फाकतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली आले, की ही फट बहुधा आपोआप मिटते. सुळे योग्य वाटेवर आहेत की नाहीत, एवढेच डॉक्टरबाई बोटाने पाहत होत्या. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने १९३७ साली या अवस्थेला अँडरसनच्या गोष्टीतल्या कुरूप पिल्लाचे नाव दिले. दंतवैद्यकातही साहित्याचा असा शिरकाव आहे, हे पाहून मला बरे वाटले.

आम्ही निघणार, तोच त्यांचे लक्ष धाकट्याकडे गेले. "तू पण ये रे. आता दात हळूहळू मिटव." त्याने मिटले. वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकले आणि मग, आमच्या डोळ्यांदेखत, त्याचा खालचा जबडा अलगद डावीकडे सरकला. आमच्या घरात कोणाच्याही हे कधी लक्षात आले नव्हते. पुढून पाहिले तर त्याचे दात मोत्यासारखे!

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितले ते असे. डब्याचे झाकण जसे डब्याच्या बाहेरून बसते, तशी वरची दंतपंक्ती खालच्या पंक्तीच्या किंचित बाहेर बसायला हवी. धाकट्याचा वरचा जबडा अरुंद आहे. त्यामुळे झाकण डब्याच्या काठावरच टेकते. तसे चावता येत नाही, म्हणून मूल नकळत जबडा एका बाजूला सरकवून चावायची सोय लावून घेते. त्या बाजूला मग वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसतात. हाड वाढीला लागलेले असते. वर्षानुवर्षे जबडा तिरकाच मिटत राहिला, तर वाढही तिरकी होण्याची भीती असते आणि सवयीचे व्यंग हाडात उतरते.

हे सांगताना त्यांनी माझ्या हनुवटीकडे एकदा पाहिले; बोलल्या मात्र काही नाहीत. मग मीच विचारले.

मी आठ वर्षांची असताना आईने मला एका दंतवैद्याकडे नेले होते. "हिचा जबडा वाकडा मिटतो का हो?" असे तिने विचारलेही होते. "दुधाचे दात आहेत, पडतील, होईल सगळे सरळ," असे उत्तर मिळाले. दात पडले आणि आजीच्या सांगण्यावरून एकेक करून कौलांवर भिरकावले. सरळ मात्र काही झाले नाही. स्नेहसंमेलनाच्या फोटोत मी नेहमी उजव्या टोकाला उभी राहून मान का वळवते, याचे कारण मैत्रिणींना आता कळेल. टाळूच्या मधोमध वरच्या जबड्याच्या दोन भागांचा सांधा असतो. लहानपणी तो सैल असतो, वय वाढते तसा घट्ट विणला जातो. सातव्या-आठव्या वर्षी साध्या उपकरणाने जे होते, त्यासाठी विसाव्या वर्षी हाडात स्क्रू बसवावे लागतात किंवा शस्त्रक्रिया करावी लागते. हनुवटीचा कल तर त्यानेही जाईलच असे नाही.

मग तपासणीला न्यायचे तरी केव्हा? अमेरिकेतील दंतवक्रता तज्ज्ञांची संघटना सांगते, की पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी. सातच का, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तिचा पत्ताच नसतो आणि ती किडली तरी 'दुधाचीच आहे' म्हणून सोडून देतात. या दाढा आणि पुढचे काही कायमचे दात आले, की जबडे एकमेकांवर कसे बसणार याचा अंदाज बांधता येतो.

पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. बहुतेक मुलांना या वयात काहीच करावे लागत नाही. वरचे दात पुढे आलेल्या मुलांवर लवकर आणि मग किशोरवयात असे दोनदा उपचार करावेत, की किशोरवयात एकदाच, याविषयीच्या प्रयोगांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१३ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्या दातांना इजा होण्याचे प्रमाण कमी होते, याखेरीज लवकर उपचारांचा विशेष फायदा त्यात दिसला नाही. तेव्हा प्रत्येक सात वर्षांच्या मुलाला तारा सुचवणाऱ्याकडे मी तरी संशयाने पाहीन. थांबू नये अशा गोष्टी मोजक्याच: धाकट्यासारखा तिरका मिटणारा जबडा, खालचे दात वरच्यांच्या पुढे येणे, कायमचे दात यायला लागले तरी न सुटलेले अंगठा चोखणे, आणि किडीमुळे वेळेआधी काढलेली दुधाची दाढ. ती दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत जागा राखून ठेवते. ती गेली, की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय तर १९३३ पासूनचे. तिथे रांग लागते, पण जाणती माणसे भेटतात.

धाकट्याला टाळूवर बसणारी एक पट्टी मिळाली आहे. तिच्या मधोमध बारीक स्क्रू आहे. चावीने पाव फेरा दिला, की पट्टी सुमारे पाव मिलिमीटर रुंदावते. स्क्रूने टाळू रुंदावण्याची कल्पना नवी नाही. इमर्सन एंजेल या अमेरिकन दंतवैद्याने १८६० मध्येच तसा प्रयोग प्रसिद्ध केला होता आणि तेव्हा त्याच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता.

पहिले चार दिवस धाकटा 'स' ऐवजी भलतेच काहीतरी म्हणत होता. भाषाशास्त्राच्या तासाला दंत्य वर्ण शिकवणाऱ्या आमच्या सरांना तो दाखवावा, असे फार वाटले. आता नीट बोलतो. ताई त्याच गावात राहायला आली असल्यामुळे दर रविवारी चावी फिरवायचे काम त्याने माझ्याकडे दिले आहे. मावशीचा हात हलका आहे, असे तो म्हणतो. माझ्या स्वतःच्या जबड्याचे काय करायचे, ते परीक्षा झाल्यावर पाहू.